चाळीस खुर्च्या, अकरा माणसं

तुमच्या ऑफिसात असा एक तरी प्राणी असणारच. सोमवार ते शुक्रवार क्लायंटच्या नावाने बोटं मोडायची आणि शनिवार उजाडला की एकदम कलाकार! कुणी स्टँड-अप करतं, कुणी गिटार घेऊन बसतं, कुणी ट्रेकिंगचा ग्रुप चालवतं, कुणी जुन्या पुण्यात हेरिटेज वॉक काढतं. हौस दांडगी, मेहनतही खरी. पण रविवारी रात्री फोन केलात तर सगळ्यांचं रडगाणं एकच. ‘लोक येत नाहीत, यार.’

मग सल्ल्यांचा पाऊस. पोस्टर चकाचक कर. पहिल्या पंचवीस जणांना कॉफी फुकट दे. एखादा सिरियलवाला चेहरा आण. प्रत्येकाने दहा जणांना सांगायचं, त्या दहांनी आणखी दहांना. तू माझ्या कार्यक्रमाला ये, मी तुझ्या येतो. हा शेवटचा फंडा तर आपल्याकडे लग्नाच्या आहेरासारखा चालतो. वही ठेवायची तेवढी बाकी आहे.

माझा एक मित्र आहे. आडनाव वेगळंच, पण ऑफिसात सगळे त्याला ‘विंचूरकर’ म्हणतात, कारण गाव विंचूर, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. जॉइन झाला त्याच दिवशी कुणीतरी ‘म्हणजे विंचू चावतात का रे तिकडे?’ विचारलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. हा विंचूरकर दर महिन्याला कोथरूडमधल्या एका कॅफेच्या माडीवर कथा-कवितांचा कट्टा भरवतो. माडीचं भाडं, माइक, चहा, सगळं पदरचं. पहिल्या कट्ट्याला खुर्च्या कमी पडल्या, लोक जिन्यात बसले. पठ्ठ्याने पुढच्या वेळी चाळीस खुर्च्या मांडल्या. आठव्या महिन्यात त्या चाळीसपैकी अकरा भरल्या. त्यातला एक मी पाहिला तो कॅफेचा वेटर होता, बिचारा पाय मोकळे करायला बसला होता.

‘बंद करतोय,’ विंचूरकर म्हणाला. ‘लोकांना आता काही ऐकायचंच नसतं.’

हे वाक्य मी निदान वीस जणांकडून ऐकलंय आणि दर वेळी मला त्यात घोळ वाटतो. लोकांना ऐकायचं नसतं असं कसं म्हणायचं? याच पुण्यात लोक रिक्षावाल्याचं ऐकतात, सोसायटीच्या सेक्रेटरीचं ऐकतात, सासूचं ऐकतात. म्हणजे ऐकतात, पण ज्याचा आपल्याशी काही संबंध आहे त्याचं. तो संबंध कसा जुळतो, हा खरा प्रश्न.

एप्रिलमध्ये त्याच्या चुलतबहिणीचं लग्न होतं, त्या निमित्ताने आम्ही चौघं विंचूरला गेलो. नाशिकहून निफाड ओलांडून येवल्याच्या रस्त्याला लागलं की मध्येच हे गाव लागतं. एका अंगाला द्राक्षबागा, दुसरीकडे कांदा. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार इथे आहे आणि एमआयडीसीचा वाइन पार्कही. त्यामुळे आमच्यातले दोघं वाइनच्या चौकशीला पळाले. मी मात्र सकाळी विंचूरकरच्या काकांबरोबर कांद्याच्या लिलावाला गेले.

तो सीन एकदा बघाच. ट्रॅक्टर-ट्रॉल्या ओळीने लावलेल्या. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो, दोन-चार कांदे हातात घेऊन फिरवून बघतो, आकडे ओरडले जातात, क्विंटलचा भाव ठरतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. एका ट्रॉलीला काही मिनिटंसुद्धा लागत नाहीत. चार महिन्यांच्या मेहनतीचा निकाल! पटला नाही तर शेतकरी माल परत नेऊ शकतो, पण ट्रॅक्टरचं डिझेल आणि घरी वाट बघणारी देणी डोक्यात असताना ‘नाही’ म्हणायला छाती लागते. मी काकांना विचारलं, ‘इतक्या गडबडीत विश्वास कुणावर ठेवायचा?’ ते म्हणाले, ‘जो मागच्या साली वेळेवर पैसे मोजून गेला त्याच्यावर. बाकी काय, ओरडतात सगळेच.’

मार्केटिंगच्या लेक्चरला मी दोन वर्षं बसले आहे. हे एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मांडवात गप्पा निघाल्या त्या विंचूरकरच्या आजोबांच्या फळ्याच्या. आजोबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाबाहेर एक काळा फळा. त्यावर रोज सकाळी खडूने कांद्याचा भाव, एसटीच्या बदललेल्या वेळा, कुणाचा बैल हरवला, कुणाचं पोर मॅट्रिक पास झालं. गावोगावी असे वार्ताफलक असायचे, त्यात नवल नाही. नवल पुढेच आहे. आजोबा फळ्याचा खालचा कोपरा मुद्दाम कोरा ठेवत आणि खडू तिथेच दोरीला बांधून ठेवत. ज्याला जे लिहायचं ते त्याने लिहावं. लिहिता येत नसेल तर सांगावं, आजोबा लिहून देत.

एकदा कुणीतरी त्या कोपऱ्यात लिहिलं, ‘भाव लिहिता, कापून किती घेतात ते का लिहीत नाही?’ आजोबांनी ते पुसलं नाही. चार-पाच जणांच्या हिशेबपट्ट्या मागून घेतल्या, हमाली किती, तोलाई किती, हातात किती आले, हे नावं न लिहिता मांडलं. त्या दिवसापासून म्हणे लोक पट्टी घेऊन थेट दुकानात यायला लागले, ‘आण्णा, वाचून दाखवा.’ दुकानासमोरच्या बाकावर जागा मिळेना. सायकली दुरुस्तीला आल्या त्या वेगळ्याच. आजीचं म्हणणं होतं की पंक्चरचे पैसे फळ्याने मिळवून दिले.

मी विंचूरकरकडे बघितलं. तो फोनवर काहीतरी करत होता, पण ऐकत होता.

आता त्याचं ऑफिसातलं टोपणनाव ज्यांच्यामुळे वजनदार वाटतं, त्या खऱ्या विंचूरकरांकडे येऊ. विठ्ठल शिवदेव हे पेशवाईतले नामांकित सरदार, पानिपतावर 1761 साली लढलेले. मूळ आडनाव दाणी. विंचूरची जहागीर मिळाली आणि घराणं विंचूरकर झालं. या विंचूरकरांचा पुण्यातला वाडा सदाशिव पेठेत. 1890 च्या दशकात त्या वाड्यात एक बिऱ्हाड राहत होतं, बाळ गंगाधर टिळकांचं. 1892 मध्ये विवेकानंद पुण्यात आले ते टिळकांकडे याच वाड्यात उतरले. तेव्हा ते जगप्रसिद्ध वगैरे नव्हते, शिकागो व्हायची होती. आणि 1894 मध्ये टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला तोही इथेच. पुढे टिळक नारायण पेठेतल्या गायकवाड वाड्यात गेले, तोच आजचा केसरीवाडा.

टिळक म्हटलं की आपल्याला शाळेतला धडा आठवतो, शेंगांची टरफलं आणि सिंहगर्जना. पण जरा आपल्या विंचूरकरच्या कट्ट्याच्या नजरेने बघा. ‘केसरी’ 1881 च्या जानेवारीत निघाला. संपादक आगरकर. सोबत इंग्रजी ‘मराठा’. त्या काळात वाचता येणारी माणसं किती असतील? मूठभर. त्यातली वर्गणी भरणारी आणखी थोडी. मग हे पत्र खेड्यापाड्यात पोचलं कसं? तर एका अंकाभोवती माणसं बसायची. एक वाचणार, बाकीचे ऐकणार, मध्येच थांबवून अर्थ विचारणार.

पण लोक बसत होते ते केवळ भाषा जळजळीत होती म्हणून नाही, हे मला सांगायचंय. 1896-97 चा दुष्काळ आठवा. सरकारकडे दुष्काळाचे कायदेशीर नियम तयार होते, पीक अमुक इतकं बुडालं तर साऱ्यात सूट किंवा तहकुबी मिळायला हवी, वगैरे. फक्त ते नियम ज्याच्यासाठी केले त्या शेतकऱ्याला माहीतच नव्हते. टिळकांच्या हातातल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने ते मराठीत करून वाटले, माणसं गावोगाव पाठवली, आणि ‘केसरी’ने लिहिलं की हा तुमचा हक्क आहे, भिऊन सारा भरू नका. म्हणजे विंचूरच्या फळ्यावरची हिशेबपट्टीच की! ‘माझं वाचा’ म्हणून आरोळी ठोकण्याऐवजी ‘तुमच्या कामाचं हे आहे, वाचून सांगतो’ म्हणणं.

लगेच पुढच्या वर्षी प्लेग. पुण्यातली ऐपतदार माणसं गाव सोडून गेली. टिळक थांबले, प्लेगग्रस्तांसाठी इस्पितळ उघडण्यात पुढे राहिले आणि सरकारी घरझडत्यांवर ‘केसरी’त लिहीत राहिले. त्याच वर्षी राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बचावासाठी पैसा पार बंगालमधूनही आला. आणि 1908 मध्ये दुसऱ्या खटल्यात सहा वर्षांची सजा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. वर्षाला एक दिवस. या कामगारांतल्या किती जणांनी ‘केसरी’चा अंक स्वतः वाचला असेल? फार थोड्यांनी. पण हा माणूस आपल्याशी बोलतो आहे, हे त्यांना ठाऊक होतं. याला म्हणतात श्रोता. खुर्चीवर बसलेलं डोकं मोजून तो सापडत नाही.

गणेशोत्सवाचंही तेच. वाचता न येणाऱ्यांसाठी मेळे, पदं, पोवाडे, व्याख्यानं. (आजच्या स्पीकरच्या भिंतींबद्दल मी इथे काही बोलत नाही, संपादकांकडे पत्रांचा ढीग नको.)

इथवर ऐकून विंचूरकर खूश झाला. परतीच्या प्रवासात म्हणाला, ‘म्हणजे मी टिळक व्हायचं?’ म्हटलं, थांब, गोष्ट अजून अर्धीच झालीय. आणि उरलेली अर्धी तुझ्याच गावच्या रस्त्यावर आहे.

कारण संबंध जोडणारं सगळ्यात मोठं पत्रही काही लोकांसाठी दार बंद ठेवू शकतं. 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. बाबासाहेब तेव्हा मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचं. या नव्या पत्राची जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली. फुकट नव्हे, पैसे मोजून. ‘केसरी’ने ती छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते.

मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली ती मास कॉमच्या दुसऱ्या वर्षी, आणि सरांनी ती एका वाक्यात उरकली होती. खरं तर तिथे थांबायला हवं. गिरणी कामगार ज्यांच्यासाठी सहा दिवस उपाशी राहिले, त्यांच्या पत्रात अस्पृश्यांच्या पत्रासाठी चार ओळींची विकत घेतलेली जागाही नव्हती. आपला श्रोतृवर्ग किती मोठा आहे हे सगळे विचारतात. त्यात कोण नाही, हे कुणी विचारत नाही. विंचूरकरच्या कट्ट्यावर तरी कुणी विचारलं होतं?

‘मूकनायक’ फार चालला नाही. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले आणि 1923 पर्यंत पत्र बंद पडलं. मग आला ‘बहिष्कृत भारत’, 3 एप्रिल 1927. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला जेमतेम दोन आठवडे झाले होते. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेब. कारकून नाही, सहसंपादक नाही, पैसा तर नाहीच. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकटा माणूस लिहीत होता, तेही एक पैसा न घेता. हे त्यांनीच पुढे आपल्या वाचकांना जमाखर्च दाखवावा तसं सांगितलं आहे. विचार करा, कोलंबियाची आणि लंडनची डॉक्टरेट असलेला बॅरिस्टर, दिवसा कोर्ट, संध्याकाळी सभा, आणि रात्री परळच्या चाळीत बसून पंधरवड्याचे चोवीस रकाने. आपण प्रेझेंटेशनच्या चोवीस स्लाइड्स दोन दिवसांत करायच्या म्हटल्या तर एचआरकडे तक्रार करतो.

वर्गणीदार पुरेसे नव्हतेच. कसे असणार? ज्यांच्यासाठी पत्र निघत होतं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून लांब ठेवलेलं. ज्यांना वाचता येत होतं त्यांच्या खिशात वर्गणीचे पैसे नव्हते. म्हणजे आजच्या कोणत्याही मार्केटिंगवाल्याने ‘टार्गेट ग्रुपच नाही, सोडून द्या’ म्हणावं अशी परिस्थिती. आणि तरी त्यात लिहिलेलं बघा, भाषा कुठे सैल नाही. वाचक अडाणी आहे म्हणून सोपं गुळगुळीत लिहा, हा प्रकार नाही. शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या, आत कायदा, इतिहास, धर्मशास्त्र, विरोधकांच्या मुद्द्यांना मुद्द्याने उत्तर. समोरच्याला समजेल यावर विश्वास ठेवून लिहिलेलं. श्रोत्याचा आदर म्हणतात तो हा. कट्ट्यावरचे आपले कवी मध्येच थांबून ‘हे जरा डीप आहे हां’ म्हणतात ना, त्याच्या बरोब्बर उलट.

हे पत्र 1929 अखेर बंद पडलं. पुढच्याच वर्षी ‘जनता’ निघालं, 1956 मध्ये त्याचंच ‘प्रबुद्ध भारत’ झालं. पत्रं पडत होती, नवी उभी राहत होती. माणसं मात्र तीच होती, वाढत होती.

ती वाढत होती कशी याचं उत्तर नाशिक जिल्ह्यात सापडतं. 2 मार्च 1930 ला नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षं चालला. इथली धुरा होती भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांकडे. बाबासाहेब त्यांना सतत पत्रं लिहीत. ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत, मिळाली तर वाचा. देशाच्या राजकारणात अडकलेला नेता जिल्ह्यातल्या सहकाऱ्याला लिहितोय, तिकडे काय चाललंय, अमुक करा, तमुक कळवा. एका माणसाशी इतकं नीट बोलत राहिलं की तो माणूस हजारांशी बोलतो.

वाचता न येणाऱ्यांसाठी जलसे होते. नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा तर गाजलेला. ढोलकी तीच, तमाशाचा बाज ओळखीचा, पण गणगौळणीच्या जागी शिक्षण, पाणवठा, मेलेली ढोरं ओढायची सक्ती, सावकाराचा कागद. पात्रं एकमेकांना प्रश्न विचारत, बघणाऱ्याच्या मनातले. गावातला माणूस रात्री जलसा बघून घरी जायचा तो वाद घालतच.

आणि मग 13 ऑक्टोबर 1935, येवला. विंचूरवरून त्याच रस्त्याने सरळ पुढे गेलात की येवला. आपण पैठणी घ्यायला जातो ते. तिथल्या परिषदेला दहा हजारांच्या आसपास माणसं जमली होती. बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्माला आलो हे माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही. काळारामची दारं पाच वर्षं ठोठावून झाल्यावरचे हे शब्द होते.

ही घोषणा आपल्या सगळ्यांना माहीत असते. मला थक्क करतं ते तिच्यापुढचं. धर्मांतर झालं 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात. म्हणजे एकवीस वर्षांनी! टाळ्या त्याच दिवशी येवल्यात मिळाल्या होत्या, लोक तयार होते. तरी घाई नाही. 1936 च्या मे महिन्यात मुंबईत परिषद घेऊन विषय पुन्हा लोकांसमोर मांडला, आक्षेप असणाऱ्यांना उत्तरं दिली. पुढची दोन दशकं वाचन, चर्चा, पुस्तकं, सभा. नागपुरात लाखो माणसं पांढरे कपडे घालून आली ती एका भाषणाने भारावून नव्हे. त्यांच्याशी तोवर एकवीस वर्षं बोलणं चाललं होतं.

आपल्याला आठव्या महिन्यात खुर्च्या रिकाम्या दिसल्या की कंटाळा येतो.

विंचूरकरचं काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला विचारत बसाल. त्याने कट्टा लगेच बंद केला नाही. हजेरीची वही काढली. पहिल्या कट्ट्याला आलेल्यांपैकी परत न आलेल्या चौदा जणांना एकेक करून फोन केला. ‘या’ म्हणायला नाही, ‘का आला नाहीत’ विचारायला. सॉलिड उत्तरं मिळाली. एक मुलगी म्हणाली, सात वाजता हिंजवडीहून कोथरूडला कोण पोचणार? एक काका म्हणाले, तुम्ही चौघं मित्र आपसातच हसता, आम्हाला विनोद कळत नाही. एकाने तीनदा नाव दिलं होतं वाचायला, तिन्ही वेळा ‘वेळ संपला’ म्हणून राहिलं. आणि एक जण, तो सिक्युरिटीची नोकरी करतो, म्हणाला की खाली कॅफेत शिरताना मला ‘काय पाहिजे’ असं विचारलं गेलं. जे विचारलं गेलं ते बाकी कुणाला विचारत नव्हते.

हे शेवटचं ऐकून विंचूरकर दोन दिवस गप्प होता. आता कट्टा रविवारी सकाळी भरतो, कॅफेत नाही, एका शाळेच्या वर्गात. पहिला अर्धा तास आलेल्या माणसांचा, ठरलेल्या कवींचा नाही. बाकं शाळेचीच, त्यामुळे खुर्च्या मोजायचा प्रश्न मिटला. मागच्या वेळी सतरा जण होते. त्यातले नऊ जण सलग तिसऱ्यांदा आले, आणि तो सिक्युरिटीवाला गृहस्थ अहिराणी गोष्टी सांगतो, ज्या ऐकून माझ्या पोटात दुखायला लागलं. सतरा हा काही फार मोठा आकडा नाही. भाड्याची ओढाताण अजून आहेच.

मी त्याला वामनदादा कर्डकांची गोष्ट पाठवली होती, ती तुम्हालाही सांगते. (वरचे जलसेवाले भीमराव वेगळे, हे वेगळे. दोघंही नाशिक जिल्ह्यातले.) वामनदादांचा जन्म 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत आले, गिरणीत राबले, मिळेल ते काम केलं. अक्षरओळख नव्हती. एकदा एका माणसाने त्यांच्यासमोर गावाहून आलेलं पत्र धरलं, ‘जरा वाचून दाखव.’ अंगावर चांगले कपडे होते, त्या माणसाला वाटलं हा शिकलेला असेल. वामनदादांना वाचता येईना. ते त्यांच्या इतकं लागलं की चाळीतल्या देहलवी मास्तरांकडे जाऊन ते तरुण वयात मुळाक्षरं गिरवायला बसले. 1943 मध्ये पहिलं गाणं लिहिलं. मग हजारो लिहिली, सिनेमासाठीही लिहिली.

पण मुक्काम सिनेमात केला नाही. आयुष्यभर गावोगाव फिरले. ज्या वस्तीत कार्यक्रम तिथेच कुणाच्या तरी घरी जेवण, तिथेच झोप. गाणं लिहायचं, गायचं आणि तिथेच सोडून द्यायचं. वस्तीतली पोरं ते पाठ करायची, दुसऱ्या गावचे गायक उचलायचे, बाया जात्यावर म्हणायच्या, चाल थोडी बदलायची, पण गाणं पुढे जायचं. कित्येकांना ते कुणाचं हेही ठाऊक नसायचं. 15 मे 2004 ला वामनदादा गेले. आजही एप्रिल महिन्यात निफाडपासून येवल्यापर्यंत कुठल्याही गावात भीमजयंतीच्या रात्री जा, त्यांची गाणी चालू असतात आणि पुढे उभी असलेली पोरं गायकाच्या आधी शब्द म्हणत असतात.